लाल न दिसणारा डोळा

"एवढं ऊन हाय, तरी यांना तो पांढरा पत्रा कशाला लागतो गं?"

प्रश्न विचारणाऱ्या मावशी वलांडीवर बोंबील घालत होत्या. बांबू रोवून, आडव्या दोऱ्या ताणून केलेली ही मांडणी भाईंदरजवळच्या चौक गावाच्या किनाऱ्यावर जागोजागी दिसते. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हात इतके सरावलेले की मावशींचे डोळे पूर्ण वेळ भलतीकडेच होते. धारावी किल्ल्याच्या अंगाला कुठल्याशा मालिकेचं शूटिंग चाललं होतं. डोक्यावर डिसेंबरचं लख्ख ऊन, नायिका किल्ल्याकडे पाठ करून उभी आणि तिच्यासमोर एक पोरगा थर्माकोलचा भलामोठा पांढरा तक्ता दोन्ही हातांनी पेलून ताटकळत होता.

मीरा-भाईंदरकरांना शूटिंगचं अप्रूप राहिलेलं नाही. घोडबंदरच्या रस्त्यावर मालिकांचे सेट आहेतच, आणि समुद्र, कातळ, ताडाची झाडं असं सगळं एका चौकटीत हवं असलं की मंडळी उत्तनच्या पुढे चौकपर्यंत येतात. मावशींनी आयुष्यात असे पांढरे पत्रे ढिगाने पाहिले असणार. विचारावंसं त्यांना त्या दिवशी वाटलं, आणि मी शेजारी उभी होते इतकंच.

ऊन आहे म्हणूनच तो तक्ता लागतो. सूर्य डोक्यावर आला की भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर. आपल्याला ती खुपत नाही, कारण आपला डोळा उजेडात आणि सावलीत क्षणाक्षणाला स्वतःला जुळवून घेतो आणि मेंदू उरलेलं भरून काढतो. कॅमेऱ्याला ही समजूत नाही. त्याच्या लेखी उजळ ते पांढरंफटक आणि सावली म्हणजे खड्डा. म्हणून उन्हाचाच थोडा भाग पांढऱ्या पृष्ठभागावरून उलटा फेकून चेहऱ्यावर सोडायचा.

मराठी माणसाच्या सिनेमात हे काम सर्वांत आधी ज्यांनी केलं त्यांत एक गृहिणी होती. सरस्वतीबाई फाळके. 1912-13 साली दादरला 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण चालू असताना दादासाहेबांच्या या पत्नी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. साठ-सत्तर माणसांचं जेवण रांधायचं ते वेगळं. आणि रात्री, घर निजलं की अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची.

भोकांचं हे प्रकरण मला फार आवडतं. परदेशातून येणारी कच्ची फिल्म फाळके कडा कोऱ्या असलेलीच घेत आणि त्यांच्याकडे भोकं पाडायचं हातयंत्र होतं. फिल्म उजेडाला नाजूक, त्यामुळे हे काम अंधाऱ्या खोलीतच करावं लागे. आता हिशेब करू. 35 मिलीमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे आठ भोकं. फाळक्यांच्या दुसऱ्या कथापटाची, 'मोहिनी भस्मासुर'ची लांबी होती 3,245 फूट. म्हणजे जवळपास 52,000 चित्रं आणि चार लाखांहून अधिक भोकं. हे फक्त निगेटिव्हचं झालं, तेही कापून-जोडून तयार झालेल्या. एक भोक तिरकं गेलं तर पडद्यावर देव थरथरणार.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं. म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं, म्हणजेच एक फूट. वेळ आणि लांबी यांची इतकी सोपी सांगड पुन्हा कधी बसली नाही. 3,245 फूट म्हणजे 3,245 सेकंद, चौपन्न मिनिटं. फूटपट्टीने मोजता येईल असा सिनेमा.

या चौपन्न मिनिटांत एक तेरा वर्षांची मुलगी होती. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

'राजा हरिश्चंद्र'ची तारामती पुरुषाने केली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके. बाई मिळावी म्हणून फाळक्यांनी खूप खटपट केली, कोठीवरच्या बायकांपर्यंत विचारून पाहिलं. त्यांनीही नकार दिला. नाटकात नाचणं समजू शकतं, पण हे यंत्रासमोर उभं राहणं काय प्रकरण आहे, असा तो काळ. सिनेमा 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला गेले आणि 'मोहिनी भस्मासुर' करायला घेतला. या खेपेला त्यांना बाई मिळाली. एक नव्हे, दोन. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला झाली मोहिनी. पुढे हीच कमला कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली.

पहिली अभिनेत्री आई की मुलगी, यावर लोक अजून वाद घालतात. एकाच सिनेमात, एकाच वेळी दोघी उभ्या राहिल्या. घरातल्या घरात मान वाटून घ्यायला त्यांची हरकत नसावी.

दुर्गाबाईंची हिंमत मात्र वेगळी मोजायला हवी. नवरा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारा. 1903च्या सुमारास त्या त्याच्यापासून वेगळ्या झाल्या आणि लहानग्या कमलाला घेऊन बाहेर पडल्या. ब्राह्मण घरातल्या, नवऱ्याला सोडलेल्या बाईला तेव्हा पोट भरायचे मार्ग किती होते? दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक. त्यांनी फिरत्या नाटक मंडळीचा रस्ता धरला. समाजाने वाळीत टाकलं. कमला चार वर्षांची असतानाच रंगमंचावर उभी राहिली. तिची शाळा म्हणजे आई आणि मंडळीचं बिऱ्हाडबाजलं.

आता 1913 हे साल जरा थांबून पाहावं. त्याच वर्षी बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. महाराष्ट्रातल्या बायका शालू नेसण्याची, गजरा माळण्याची ढब जिच्याकडून उचलत होत्या, ती सर्वांत देखणी स्त्री पुरुष होती. आणि नाशिकच्या उन्हात एक खरीखुरी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिच्या वाट्याला भूमिका कोणती आली पाहा. शंकराने भस्मासुराला वर दिला की ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल; मग तो शंकराच्याच मागे लागला; तेव्हा विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं. म्हणजे आमच्या सिनेमातल्या पहिल्या खऱ्या नायिकेने जी भूमिका केली, ती बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाची! अण्णा साळुंके तारामती होतात, विष्णू मोहिनी होतो आणि कमला विष्णूची मोहिनी होते. 1917च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. 1919च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली. या घोळात कोण कोणाचं सोंग घेतंय, हे प्रेक्षक विचारतच नसत. साळुंके तर अफाट लोकप्रिय झाले. बाई आली म्हणून पुरुष हटले, असं काही रातोरात घडलेलं नाही.

तरी फाळक्यांनी निवडलेली ही कथा मला फार हुशारीची वाटते. मोहिनी नाचते आणि भस्मासुर तिची नक्कल करतो. ती कमरेवर हात ठेवते, तो ठेवतो. ती गिरकी घेते, तो घेतो. शेवटी ती आपल्या डोक्यावर हात ठेवते. संपलं. अख्ख्या गोष्टीची कळ एका हातात आहे, संवादाची गरजच नाही. मुक्या माध्यमासाठी याहून नेमकी कथा पुराणांत शोधूनही सापडायची नाही. असुराची राख होण्यासाठी त्या काळी एक साधी क्लृप्ती होती: कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी पुतळ्यासारखं जागच्या जागी राहायचं, असुराने बाजूला व्हायचं, त्याच्या जागी राखेचा ढीग ठेवायचा आणि पुन्हा हँडल फिरवायचं. पडद्यावर मध्ये काही घडल्याचं दिसत नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाच्या जादूगाराने आधीच हेच करून लोकांना वेड लावलं होतं, आणि फाळकेही हातचलाखीचे प्रयोग करणारे होतेच.

कमलाची अडचण वेगळीच होती. ती संगीत नाटकात वाढलेली. तिथे नट आधी ऐकला जातो, मग पाहिला जातो. पद सुरू झालं, वन्स मोअर पडले, की वय, रूप, नेपथ्य सगळं माफ. बालगंधर्वांचं बाईपण निम्मं तरी त्यांच्या गळ्यात होतं, असं माझं मत. सिनेमाने नेमकं तेच काढून घेतलं. थिएटरात पेटी-तबला वाजे, मध्ये मध्ये पाट्या येत, त्या मोठ्याने वाचून दाखवणारेही असत. पण पडद्यावरची मुलगी मुकी. लहानपणापासून कमावलेला आवाज या यंत्राला ऐकूच येत नव्हता.

आणि यंत्र नुसतं बहिरं नव्हतं. त्याला लाल रंगही दिसत नव्हता.

चौकच्या त्या दुपारी हे मी मावशींना डोळ्यांनी दाखवू शकले. युनिटच्या लाइटमनकडे दिव्यांवर लावायचे रंगीत जिलेटिन कागद असतात. त्याच्याकडून गडद निळ्याचा एक तुकडा मागून घेतला. चौक हे ख्रिस्ती कोळ्यांचं गाव. जुन्या पिढीच्या बायका अजून लाल चौकड्यांचं लुगडं नेसतात. मावशींचंही तसंच. तो तुकडा एका डोळ्यासमोर धरून, दुसरा मिटून पाहिलं. लाल लुगडं जळक्या लाकडासारखं काळपट. धक्क्यावरच्या होड्यांपैकी एकीचा लाल झेंडा काळा. आणि निळी, आकाशी रंगाची होडी मात्र धुवून काढल्यासारखी उजळ. मावशींनी तुकडा हिसकावलाच. "आगो बाय, माझं लुगडं काय झालं!" मग त्यांनी एकेक करून बोंबील, कुत्रा, नायिका आणि खाडीपलीकडची वसई, सगळं पाहून घेतलं.

सिनेमाच्या पहिल्या दोन दशकांची फिल्म साधारण असंच जग पाहायची. तिच्यावरचे चांदीचे क्षार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला झटकन प्रतिसाद देत, हिरव्याला थोडाफार, लालला जवळजवळ नाहीच. याचा फायदाही होता: लाल दिव्याच्या मंद उजेडात फिल्म धुता येई. तोटा नटांच्या तोंडावर यायचा. आकाश निळं, म्हणून पडद्यावर कोरं पांढरं. ओठ लाल, म्हणून काळे. गोऱ्या गालांवरची निरोगी लाली म्हणजे घाणेरडा डाग. रंगमंचावर गॅसबत्तीत चेहरा खुलावा म्हणून गालाला लाली फासायची सवय असलेल्या नटीने तेच इथे केलं, तर ती महिनाभर उपाशी असल्यासारखी गालफडं बसलेली दिसे. म्हणून जगभर सिनेमाच्या रंगपेटीतून लाल हद्दपार होऊन पिवळट रंग आले. या फिल्मवर कपाळीचं कुंकू, हातावरची मेंदी, पायाचा अळता, सगळं काळंच उमटणार. मुकी आणि लालविहीन, अशी मोहिनी लोकांनी पाहिली, आणि तरी ती मोहिनी होती! सगळ्या सरावाच्या खुणा काढून घेतल्यावर नटीकडे उरतं काय? चाल, मान, बोटं, डोळे. कमलाचं वय तेरा, आणि जानेवारी 1914मध्ये मुंबईकर पैसे देऊन ते बघायला गेले.

मावशींना मी फाळक्यांचीही गोष्ट सांगितली. 1910-11च्या सुमारास गिरगावातल्या एका चित्रपटगृहात त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर येशू चालताना बघून त्यांच्या मनात आलं, आपले राम-कृष्ण असे कधी दिसणार? तिथून सगळं सुरू झालं. मावशी एकदम ताठ बसल्या. "म्हंजे आमच्या देवानं सुरू केलं ना?" याला उत्तर काय देणार!

कमलाचं पुढचं आयुष्य घाईघाईने सांगायला नको, पण ती ते घाईतच जगली. किर्लोस्कर मंडळीतून आपल्या भावाच्या नाटक मंडळीत आलेल्या रघुनाथराव गोखले यांच्याशी लग्न झालं. कमलाबाई मंडळीची नायिका. मुलं झाली. ऐन पंचविशीत वैधव्य आलं आणि आईने एकेकाळी जे केलं तेच लेकीला करावं लागलं: मुलं पदराशी बांधून काम. नाटकात त्यांनी पुरुष भूमिकाही केल्या. ज्या रंगभूमीने बाईची जागा पुरुषाला दिली, तिथेच एक बाई फेटा बांधून पुरुष म्हणून उभी राहत होती. मूकपट, मग बोलपट, मराठी, हिंदी, पस्तीसेक सिनेमे. शेवटचा 1980चा 'गहराई', तोही भुताखेताचा. हाताने हँडल फिरवायच्या काळात सुरू झालेलं काम रंगीत भयपटापर्यंत पोचलं. मोठा मुलगा चंद्रकांत गोखले नट, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक, नातू विक्रम गोखले. विक्रम गोखल्यांचा तो नुसत्या थांबण्यातून बोलणारा अभिनय आठवला की मला त्या मुक्या मोहिनीची आठवण येते. हा माझा भाबडेपणा असेल, असू दे.

आता दुःखाची बाजू. 'मोहिनी भस्मासुर' आज पाहता येत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसही उरले नसतील. हा निव्वळ आपला आळस नाही, फिल्मच्या शरीरातच मरण होतं. ती बनायची नायट्रोसेल्युलोजची. स्फोटक सुती दारूची ही सख्खी बहीण. एकदा पेटली की स्वतःच्या पोटातल्या प्राणवायूवर जळते, पाण्यात बुडवली तरी विझत नाही. पेटली नाही तरी मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ती आपोआप सडते. आधी चित्र पिवळट होतं, मग कडा चिकटतात, मग काकवीसारखा चिकट द्रव फुगे धरतो आणि सर्वांत शेवटी डब्यात उरते तांबूस, उग्र वासाची पूड. ज्यांनी हे डबे उघडलेत ते सांगतात, वासानेच कळतं. शिवाय फिल्मवर चांदी असते. बोलपट आल्यावर मुक्या सिनेमाला गिऱ्हाईक राहिलं नाही, मग कित्येक रिळं चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. मोहिनीने असुराची राख केली; तिची स्वतःची रिळं कुठल्या डब्यात पूड झाली की कुणाच्या मुशीत चांदी, कोण जाणे.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झालं. पी. के. नायर नावाच्या झपाटलेल्या माणसाने गावोगाव फिरून, फाळके कुटुंबाकडून, जिथून मिळेल तिथून तुकडे गोळा केले. त्यामुळे 'कालिया मर्दन'चा मोठा भाग आपल्याला पाहता येतो. त्याच्या सुरुवातीला सात वर्षांच्या मंदाकिनीचा नुसता चेहरा येतो. कॅमेऱ्याकडे बघून ती भाव बदलत राहते, बापाने सांगितल्याप्रमाणे. आणि मग त्या चेहऱ्यातच हळूहळू मुकुट घातलेला बाळकृष्ण उमटतो. अंगावर काटा येतो. हे पाहताना मला नेहमी वाटतं, याच्या पाच-सहा वर्षं आधी, त्याच माणसाच्या कॅमेऱ्यासमोर, त्याच नाशिकात आणखी एक मुलगी उभी होती. तिचा चेहरा नाही.

किनाऱ्यावर ऊन उतरलं तशी युनिटची आवराआवर सुरू झाली. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला धुरकट दिसत होता. 1739 साली चिमाजी आप्पांच्या फौजेला वसईची कोंडी करायला या धारावी बेटाचा उपयोग झाला, म्हणून त्यांचं स्मारक इथे आहे. त्याच्याच आवारात लाइटमन पोरगा तारा गुंडाळत होता. जिलेटिनचा तुकडा परत द्यायला गेले, तर म्हणाला, ठेवा, असे खूप असतात. मावशींनी तो मागून घेतला. नातवाला दाखवायचा म्हणाल्या.

घरी आल्यावर रीना मोहन यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या 'कमलाबाई' या माहितीपटाची आठवण आली. कमलाबाई तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. 1997 साली त्या गेल्या. दिग्दर्शिकेने कॅमेरा त्यांच्या घरात नेला, जमिनीवर त्यांच्याजवळ बसवला. मोहिनी असताना ज्या यंत्राने त्यांचा आवाज घेतला नव्हता, तेच यंत्र ऐंशी वर्षांनी कान घेऊन आलं होतं. त्यात बाई बोलतात. भरपूर बोलतात.